खिडकीपुढचं कपाट

दिगंबर तांबवेकर सरकारी विमा कंपनीत. नोकरीत बदल्या पुष्कळ झाल्या, पण बायको सोबत आली ती एकाच बदलीला, आणि तीही कपाटासकट.

त्याआधी रायपूर झालं, कटक झालं, विशाखापट्टणम झालं. विजया सांगली सोडायची नाही. कधी मुलाची शाळा, कधी सासूबाईंचं दुखणं, एकदा तर घराला रंग काढलाय म्हणून. दिगंबरनं मेसच्या पातळ डाळीत बोटं बुडवत अर्धी हयात काढली. मग सासूबाई गेल्या, मुलगा बंगळूरला नोकरीला लागला, घराचा रंगही वाळला. सगळी कारणं संपली तेव्हा विजया म्हणाली, "येते कलकत्त्याला. पण दिवाळीपर्यंत. जमलं तर राहीन, नाही जमलं तर परत येईन, आणि मग रिटायर होईपर्यंत मला विचारायचं नाही. आणि माझं कपाट येणार."

"तिथं कपाटं मिळतात गं."

"मिळत असतील. जिथं माझं कपाट, तिथं मी."

कपाट लग्नातलं. लोखंडी, दाराला माणसाएवढा आरसा. ते ट्रकनं आलं, विजया रेल्वेनं आली, आणि दोघंही एकाच दिवशी बागबाजारच्या गल्लीत उतरली.

जागा म्हणजे जुन्या घराचा वरचा मजला. खालच्या मजल्याला कुलूप. मालक बराकपूरला मुलीकडं राहायचा. त्यानं किल्ली हातात ठेवली आणि एवढंच बोलला, "दोनों खिड़की खुला रखना. बाकी घर अपने आप चलेगा." दिगंबरला वाटलं, म्हातारा आहे, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय.

आता सांगलीतली खिडकी कशी असते, ते आठवा. छातीपर्यंत भिंत, त्याच्यावर खिडकी. भिंतीला टेबल लावा, कॉट लावा. बाहेर बघायचं तर माणूस उठतो, खिडकीशी जातो, बघतो, परत येऊन बसतो. खिडकी खिडकीच्या जागी, माणूस माणसाच्या जागी. इथं सगळं उलटं. खिडकी घोट्यापासून निघायची ती डोक्यावर हातभर जाऊन थांबायची. उभे गज, बाहेरून हिरव्या लाकडी झडपा, त्यांत आडव्या पट्ट्या. मधली काठी ओढली की पट्ट्या मिटणार, ढकलली की उघडणार. खुर्चीत बसलं तरी पाय गल्लीत सोडून बसल्यासारखं वाटायचं. आणि गल्ली एवढी अरुंद की आपल्या पलंगावर आडवं झालं तर समोरच्यांच्या पलंगावर झोपल्याचा भास व्हावा.

पहिल्याच सकाळी दिगंबर अंघोळ करून टॉवेलवर बाहेर आला, सवयीनं खिडकीत उभा राहून डोकं पुसायला लागला. सांगलीत जगाला फक्त त्याचं डोकं दिसायचं. इथं समोरच्या खिडकीत पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बसली होती, तिच्यासमोर टॉवेलचा काठसुद्धा होता.

"अहो, आत या," विजया म्हणाली. "आईबापांनी नाव दिगंबर ठेवलं म्हणून तसंच उभं राहायला पाहिजे असं काही नाही."

घराला दोन खोल्या, एकीमागं एक, आणि जिन्याशी चिमुकलं स्वयंपाकघर. पुढची गल्लीवर, मागची नदीवर. मागच्या खोलीतही तशीच मोठी खिडकी. मधलं दार आणि दोन खिडक्या एका रेषेत. तिन्ही उघडं टाकलं की नदीवरचा वारा मागून शिरायचा, विजयाचा पदर उडवायचा आणि पुढून निघून जायचा. संध्याकाळी उन्हाचा पट्टा मागच्या खिडकीतून निघून दोन्ही खोल्या ओलांडून थेट गल्लीपार. पहिल्या दिवशी विजया मागच्या खिडकीच्या पायरीवर बसली, नदीतून लाँच गेली ती बघितली, आणि म्हणाली, "बरंय की हो."

तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण कपाट जिन्यात उभं होतं.

कपाटाला भिंत लागते. आणि त्या घरात भिंतच नव्हती. जिकडं बघावं तिकडं दार नाहीतर खिडकी. दिगंबरनं हमालांना कपाट इकडं फिरवायला लावलं, तिकडं फिरवायला लावलं. शेवटी म्हणाला, "ही मागची खिडकी पश्चिमेची. दुपारी ऊन येणार. कशाला पाहिजे? लावा इथं." कपाट नदीच्या खिडकीला पाठ लावून उभं राहिलं. आरसा घराकडं तोंड करून. झकास बसलं. जसं काही त्या मापाचीच खिडकी केली होती.

आठ-पंधरा दिवसांत घराचा नूर बदलला. पुढच्या खिडकीतून वारा यायचा, कपाटाला डोकं आपटायचा आणि तिथंच बसायचा. वरणाला दिलेल्या फोडणीचा वास रात्रीपर्यंत हलायचा नाही. पंखा तीच हवा ढवळायचा.

"आधी हे घर बोगद्यासारखं होतं," विजया म्हणाली. "आता बाटलीसारखं झालंय. बूच लावलेली बाटली."

"सवय होईल."

"लोणच्याला होते."

घराचं एक वेळ चाललं असतं, पण गल्लीनंही तोंड फिरवलं. पहिल्या आठवड्यात बायका हसायच्या, दोरीला टोपली बांधून खिडकीतून भाजी कशी वर घ्यायची ते विजयाला हातवारे करून शिकवायच्या. आणि मग एकदम काय झालं कोण जाणे. विजया दिसली की बोलणं बंद. नळावर एकीनं तिला विचारलं, "घर में और कौन है?" विजया म्हणाली, "कोई नहीं, हम दोनों." त्या बाईनं तिच्याकडं असं बघितलं की विजयाला वाटलं आपण काही चोरलंय. भाजीवाल्याला टोपली सोडून वांगी मागितली, तर त्यानं पिकलेली पपई घातली, वर बघून कपाळाला हात लावला आणि गाडी ढकलत निघून गेला.

दिगंबरला वाटलं, ह्याचं उत्तर प्रभाकरला माहीत असेल. प्रभाकर म्हणजे हावड्यात एका लहान कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढं उभा राहणारा. त्याला कलकत्त्यातलं सगळं माहीत होतं. चूक की बरोबर ते विचारायची पद्धत नव्हती.

प्रभाकर आला, चहा प्याला, म्हणाला, "तांबवेकर, तुम्ही राहता कुठं?"

"बागबाजार."

"बागबाजारात काय होतं?"

"काय होतं?"

"खंदक. मराठ्यांच्या भीतीनं खणलेला. इथूनच सुरू व्हायचा. नागपूरकर भोसल्यांचे बारगीर यायचे, बंगाल लुटून न्यायचे. हे लोक त्यांना बर्गी म्हणतात. पावणेतीनशे वर्षं झाली, पण विसरलेले नाहीत. आणि तुम्ही नेमके खंदकाच्या आत येऊन राहिलात."

दिगंबरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी अनादिबाबू पहिल्या दिवशी भेटले होते तेव्हा म्हणालेच होते, "आप मराठा? अरे, बर्गी," आणि हसले होते. म्हणजे ते हसणं साधं नव्हतं.

"पण आम्ही सांगलीचे," दिगंबर म्हणाला. "ते नागपूरचे."

"हे त्यांना कोण सांगणार?"

तिथून पुढं दिगंबरला सगळीकडं तेच दिसायला लागलं. चहावाल्यानं कप आपटून ठेवला: बर्गी. इस्त्रीवाल्यानं शर्ट परत पाठवला: बर्गी. समोरची म्हातारी खिडकीत बसून दिवसभर त्याच्या घरात डोळे बारीक करून बघायची, मधेच हात जोडायची, मधेच बोटं तोंडाशी न्यायची, मान हलवायची. दिगंबर म्हणाला, "शाप देतीय बघ." विजया म्हणाली, "शाप द्यायला कोणी हात जोडतं का?" दिगंबर म्हणाला, "यांची पद्धत असेल."

दुर्गापूजेच्या दिवसांत एकदा सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर झाकलेली ताटली. आत मऊ लुसलुशीत संदेश, इकडची छेन्याची मिठाई, आणि वाटीत खीर. दिगंबर म्हणाला, प्रसाद असेल. टॉवेलवरच खुर्चीत बसला, खिडकीतल्या वाऱ्याला, आणि एकेक करून सगळे खाल्ले. वाटी बोटानं पुसून घेतली. समोरची म्हातारी उठून उभी राहिली. खाली गल्लीत दोन माणसं वर बघत थांबली. दिगंबरनं त्यांना वाटी दाखवली, छान आहे म्हणून. एकजण खाली थुंकला.

त्या संध्याकाळी विजया म्हणाली, "माझं तिकीट काढा. दिवाळीच्या आधीचं."

दिगंबर मोबाईल घेऊन पुढच्या खोलीत बसला आणि तिकीट काढलं. एकाचंच. बर्थ खालचा मिळाला, त्याचंही त्याला वाईट वाटलं. मेसची डाळ त्याला समोर दिसायला लागली. पण डाळीचं एवढं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऑफिसातून घरी येताना त्याला आपण कुठंतरी परत जातोय असं वाटायचं, आणि आता ते जाणार होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रभाकर सोनं द्यायला आला. आपट्याची पानं मिळाली नव्हती म्हणून विजयानं कांचनाची आणली होती, तशीच जोडपानं दिसतात ती. ताटात ढीग होता. फराळ चालू होता, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक-दोघांची नाही, पुष्कळ.

दार उघडलं तर पुढं अनादिबाबू, धुवट धोतर, हातात मिठाईचा डबा. मागं क्लबची चार-पाच दणकट पोरं. आणि मधे, दोघांनी दोन दंड धरलेली, समोरची म्हातारी. धापा टाकत होती, पण डोळे रोखलेले.

प्रभाकर दिगंबरच्या कानात म्हणाला, "आले. शांत राहा. मी बोलतो." आणि पुढं होऊन हिंदीत म्हणाला, "देखिए, ये सांगली का आदमी है. नागपूर से इसका कोई संबंध नहीं."

अनादिबाबूंनी त्याच्याकडं बघितलं. "नागपूर?"

दिगंबरच्या समोर ताट होतं. त्यानं मूठभर पानं उचलली आणि अनादिबाबूंच्या हातात कोंबली. "ये सोना है. हमारी तरफ से. जो हुआ, सो हुआ."

अनादिबाबूंनी पानं उलटीसुलटी करून बघितली, खिशात ठेवली. माणूस सभ्य होता. मग घसा साफ करून म्हणाले, "आज बिजया है. पाड़ा का सब बड़ों को प्रणाम करने का दिन. हम आपका मां को प्रणाम करेगा. मां को बाहर लाइए."

"किसकी मां?"

"आपका मां."

"मेरी मां नहीं है. गुजर गई."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. अनादिबाबूंचा चेहरा पडला. "कब?"

"चार साल हो गए."

अनादिबाबूंनी म्हातारीच्या कानात बंगालीत सांगितलं. म्हातारी ताडकन काहीतरी बोलली. अनादिबाबूंनी मान डोलावली आणि फार गंभीर होऊन दिगंबरला म्हणाले, "निभा माशीमा बोलती है, चार साल नहीं. आज सुबह तक थी."

मग सगळं बाहेर पडलं. अनादिबाबू मोडक्या हिंदीत सांगत होते, माशीमा मधे मधे बंगालीत सुधारत होती. ह्या घरात मागच्या खोलीत एक म्हातारी कोंडलेली आहे. पांढऱ्या साडीतली. दिवसभर आतल्या खिडकीत बसून बाहेर बघते, बाहेर कधी येत नाही. माशीमाला मोतीबिंदू, चेहरा नीट दिसत नाही, पण हालचाल दिसते. माशीमानं हात जोडले की ती बिचारीही हात जोडते, सोडवा म्हणून. माशीमानं खूण करून विचारलं, जेवलीस का, तर तीही बोटं तोंडाशी नेते, उपाशी आहे म्हणून. सुनेला विचारलं तर सून म्हणते घरात कोणी नाही. गल्लीनं तिच्यासाठी मऊ पपई पाठवली. दात नसतील म्हणून संदेश, खीर पाठवली.

"और वो," अनादिबाबू दिगंबरकडं न बघता म्हणाले, "आपने खिड़की में बैठ के खा लिया. गमछा पहन के."

प्रभाकर हळूच फराळाच्या ताटाकडं सरकला.

सगळ्यांत आधी विजयाला कळलं. तिनं माशीमाचा हात धरला, म्हणाली, "चला मावशी, भेटवते," आणि मधल्या दारातून मागच्या खोलीत घेऊन गेली. माशीमा चालत गेली तशी समोरून ती म्हातारीही चालत आली. तिचाही हात कोणीतरी धरला होता. माशीमा थांबली, तीही थांबली. माशीमानं हात पुढं केला आणि बोटं गार काचेला लागली.

"ओ मा," माशीमा म्हणाली. "ए तो आमि."

पोरांतलं एक फिस्सकन हसलं, अनादिबाबूंनी त्याच्या पाठीत घातली.

माशीमा आरशाच्या अगदी जवळ गेली. हनुवटी वर केली, गालावरून हात फिरवला. बराच वेळ बघितलं. मग अनादिबाबूंना काहीतरी विचारलं, आणि अनादिबाबूंनी घाईघाईनं मान हलवली.

"काय म्हणतात?" विजयानं विचारलं.

"पूछती है, इतना बूढ़ा कब हुआ. हम बोला, आईना पुराना है."

माशीमा वळली. आता ती दिगंबरशी बोलत होती, आणि अनादिबाबूंना मधे घालायला लागलं नाही, कारण तिनं कपाटावर थाप मारली आणि एकच शब्द दोनदा म्हटला. "नदी. नदी कोथाय?"

तेव्हा दिगंबरला कळलं. तिच्या खोलीला नदी नव्हतीच. तिला नदी दिसायची ती ह्या घरातून. आधी गल्ली, मग ह्या घराची पुढची खिडकी, मधलं दार, मागची खिडकी, आणि मग तळहाताएवढं पाणी. बाकीचं अनादिबाबूंनी सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तेवढी नदी तिची होती. गुडघे गेले, घाटावर जाणं बंद झालं, गच्चीवर जाणं बंद झालं, पण पलंगावरून एवढी लाँच इकडून तिकडं जाताना दिसायची, आणि संध्याकाळचं ऊन तिच्या पायांपर्यंत यायचं. भाडेकरू येत गेले, जात गेले, नदीला कोणी हात लावला नाही. मग हे मराठी लोक आले आणि एका सकाळी नदीच्या जागी म्हातारी बसलेली.

"तो बोला क्यों नहीं?" दिगंबर म्हणाला. "एक बार बोलते, हम हटा देते."

अनादिबाबूंनी विचारलं. माशीमानं खांदे उडवले.

"बोलती है," अनादिबाबू म्हणाले, "सोचा, चलो, नदी गया तो गया. एक मानुष तो मिला. मानुष अच्छा है नदी से. हाथ जोड़ने से हाथ जोड़ता है."

दिगंबर कपाटाला भिडला. खांदा लावून ढकललं, जागचं हललं नाही. मग पोरांनी हात लावला आणि कपाट कुरकुरत बाजूला झालं. मागं महिना-दोन महिने मिटलेल्या झडपा. विजयानं कडी काढून दोन्ही ढकलून दिल्या.

वारा असा आत आला की ताटातलं सगळं सोनं उडालं. पानं मधल्या दारातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून गल्लीत. पश्चिमेकडं सूर्य कलला होता. उन्हाचा पट्टा दोन्ही खोल्यांतून सरळ गेला, गल्ली ओलांडली आणि समोरच्या घरातल्या रिकाम्या पलंगावर जाऊन पडला. माशीमा तिकडं बघत राहिली. आपला पलंग तिनं कधी इथून बघितला नव्हता.

"मग आता कपाट कुठं?" प्रभाकरनं तोंडातली करंजी गिळत विचारलं.

सगळे इकडंतिकडं बघायला लागले. घरात भिंत नव्हती ती नव्हतीच. माशीमानं हे ऐकलं, अनादिबाबूंकडून समजून घेतलं आणि पहिल्यांदाच हसली. तिच्या खोलीला एकच खिडकी, ती गल्लीवर. बाकी तिन्ही बाजूंना शेजारच्यांची घरं टेकलेली. "देवाल," ती म्हणाली, आणि हातानं दाखवलं, हवी तेवढी.

दिगंबरनं विजयाकडं बघितलं. हे कपाट म्हणजे काय आहे, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं. सांगलीहून दोन राज्यं ओलांडून आलेलं कपाट आता गल्ली ओलांडून परक्या घरात. तो म्हणाला, "विजया, तुला नको असेल तर नको."

विजयानं पदर खोचला. "कपडे काढून घेऊ द्या आधी," ती म्हणाली. "वरचे दोन खण."

आदल्या दिवशी ज्या खांद्यांनी देवी घाटावर उतरवली होती, त्याच खांद्यांनी कपाट जिन्यानं उतरवलं. ओरडणंही तेच होतं. विसर्जनाला ओरडतात ते, "आसछे बछर आबार हबे," पुढच्या वर्षी परत म्हणून. दिगंबर मागून एक कोपरा धरून चालला होता, त्यालाही राहवलं नाही, तो म्हणाला, "पुढच्या वर्षी लवकर या." प्रभाकर म्हणाला, "नको, परत उचलायला लागेल." खिडक्याखिडक्यांतून बायका बघत होत्या. भाजीवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि विजयाला स्वतः होऊन वांगी दिली.

त्या रात्री जेवताना दिगंबरनं मोबाईल काढून तिच्यापुढं ठेवला. "तिकीट बघून ठेव. खालचा बर्थ आहे."

"रद्द करा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माझ्या साड्या समोरच्या घरात. मी सांगलीला जाऊन काय नेसू?" तिनं त्याच्या पानात भात वाढला. "आणि उद्या मावशींकडं जायचंय मला. साडी बदलायला गेलं की चहा देणार म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर अंघोळ करून टॉवेलवर बाहेर आला. दोन्ही खिडक्या उघड्या, नदीवरचा वारा पाठीला लागत होता. डोकं पुसता पुसता त्याची नजर समोर गेली आणि तो ताठ झाला.

माशीमाच्या खोलीत, आत भिंतीशी, एक पुरुष उभा होता. पोट सुटलेला, कमरेला टॉवेल, वर काही नाही. त्याच्या मागं खिडकी आणि खिडकीत नदी.

"विजया," दिगंबरनं दबक्या आवाजात हाक मारली. "मावशींकडं कोण आलंय? उघडाच उभा आहे. लाज नाही लोकांना."

विजया स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बघितलं. समोर माशीमा खिडकीत बसली होती, ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"हात वर करा बघू," विजया म्हणाली.

दिगंबरनं हात वर केला.